झाकलेला श्वास

या, अशा जवळ या. सतरंजीच्या त्या टोकाला बसलात तर माझा आवाज तुमच्यापर्यंत यायचा नाही, आणि ही गोष्ट मला मोठ्यानं सांगता येत नाही. एका गाणाऱ्या कंठाची गोष्ट आहे, एका यंत्राची आहे आणि माझ्या या दोन हातांची आहे. पण शेवटपर्यंत बसा. मध्येच उठलात तर माझ्याबद्दल चुकीचं मत घेऊन जाल. शेवटपर्यंत बसलात तर बरोबर मत घेऊन जाल. ते याहून चांगलं असेल असं मात्र नाही.

मी मंजिरी दाबके. चौतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं कीर्तनाला पेटीची साथ केली. हे दोन्ही तुम्हाला कसं जमतं, असं लोक विचारायचे. न जमण्यासारखं काय होतं त्यात? सकाळी पोरांना ध्वनी म्हणजे हवेची कंपनं हे शिकवायचं आणि दुपारी त्याच कंपनांनी डोळे भरून येऊ द्यायचे. कीर्तन ऐकून घरी परतताना माणूस थोडा बरा झालेला असतो, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. अजूनही वाटतं.

पेटीवाल्याचं काम काय, ते आधी सांगते, कारण सगळं तिथंच अडलं आहे. कीर्तनकार उभ्यानं बोलतो, गातो, मध्येच नाचतो. त्याचा श्वास कुठे ना कुठे तुटणारच. तो तुटला की पेटीनं तिथं सूर भरायचा, इतका अलगद की खाली बसलेल्याला कळता कामा नये. चांगली साथ म्हणजे चांगलं झाकणं. मी फार चांगली साथ करायची.

मैथिली आठल्ये आमच्या या कृष्णाकाठच्या गावची लेक आणि गावातच दिलेली सून. सदतीस वर्षांची. नऊवारी नेसून, हातात चिपळ्या घेऊन गादीवर उभी राहिली की शेंगा सोलणाऱ्या बायकांचे हात थांबायचे. शेवटचं दीड वर्ष तर तिच्या गळ्यात काही निराळंच आलं होतं. ओळीच्या टोकाला आवाज किंचित थरथरायचा, जणू पुढचा शब्द उच्चारायला ती धजत नाहीये. म्हातारी माणसं म्हणायची, पोरीला आता आतून लागलंय. मीही म्हणायची.

सन दोन हजार एकेचाळीस. फाल्गुनातला कृष्णाबाईचा उत्सव, घाटावर मांडव, दुपारी चारचं कीर्तन. त्या सकाळी माझ्याकडे चहाला आली तेव्हा मैथिली म्हणाली, "मावशी, जबडा दुखतोय. या वयात अक्कलदाढ यायला लागली की काय?"

"उशिरा का होईना, आली म्हणायची," मी म्हटलं. दोघी हसलो. पाठही भरून आली होती तिची, मळमळत होतं. दोन दिवस उत्सवाच्या पंगतीचा स्वयंपाक ओढत होती, त्यामुळे आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. मी ओवा दिला, वर गरम पाणी दिलं.

पूर्वरंग नेहमीसारखा झाला. हार घातला, बुक्का लावला, उत्तररंगात तिनं गजेंद्रमोक्ष लावला. मगरीनं पाय धरलेला तो हत्ती, सोंडेत कमळ घेऊन देवाला हाक मारतो, तिथवर आली आणि तिचा स्वर फुटला. कपाळावर घाम आला, हातांवर काटा उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडला, डोळ्यांतून धारा लागल्या, चिपळ्या धरलेला हात कापायला लागला. मग ती जागच्या जागी थिजली आणि हळूच गादीवर बसली. डोळे मिटलेले.

मांडवात तीनशे माणसं होती आणि एकाचाही आवाज नव्हता. मांडवाचं वीजकाम बघणारे श्यामराव बनसोडे तेवढे उठले आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे आले. माझा डावा हात भात्यावर होता, उजवा सुरांवर. मी मानेनंच त्यांना बसा म्हटलं. ते बसेनात, तेव्हा तोंडानं म्हटलं.

"शिवू नका तिला. भाव लागलाय."

श्यामराव तांब्या तसाच धरून मागे सरले. मी नामाचा गजर उचलला. तीनशे माणसांनी तो अकरा मिनिटं गायला. तसा गजर मी आयुष्यात ऐकला नाही. मग मैथिलीच्या बोटांतून चिपळ्या सुटल्या आणि सगळ्यात पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "अहो, ही श्वास घेत नाही."

डॉक्टरांनी कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं. गावानं मात्र समाधी म्हटलं. भर कीर्तनात, देवाची हाक तोंडात असताना गेली, याला दुसरं काय म्हणणार? घाटाच्या तिसऱ्या पायरीवर दगडी पादुका बसवल्या. दर वर्षी त्या तिथीला कीर्तन ठरलं, आणि त्याआधी तिच्या शेवटच्या घटकेची हकीकत सांगायचं काम माझ्याकडे आलं. पाच वर्षं मी ती सांगितली. दर वर्षी थोडी अधिक चांगली जमायची.

सत्तेचाळीस सालच्या फेब्रुवारीत यामिनी शिरोळे आली. माझीच विद्यार्थिनी, बारा वर्षांपूर्वी गाव सोडून पुण्याला गेली आणि तिथं एका संशोधन संस्थेत माणसांचे आवाज तपासायला लागली. तिच्याजवळ कंठवेध नावाचं यंत्र होतं. यंत्र म्हणजे पाटीएवढा पडदा. खरं काम आत चालायचं.

माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून तिनं मला समजावलं, आणि मला उगाचच अभिमान वाटला, कारण मी फळ्यावर काढायची तशीच आकृती तिनं काढली. मेंदूकडून स्वरयंत्राकडे येणारी डावी नस सरळ गळ्यात उतरत नाही. ती आधी छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीला खालून वळसा घालते आणि मग पुन्हा वर कंठात येते. शिवाय हृदयाचा प्रत्येक ठोका स्वराला एक सूक्ष्म धक्का देतो, आणि हृदय थकलं की श्वासाचा दाबही बदलतो. आपल्या कानाला यातलं काही कळत नाही, यंत्राला कळतं. पण एक अट असते. त्याच माणसानं तेच शब्द वर्षानुवर्षं म्हटलेले हवेत, म्हणजे कालच्या आवाजाशी आजचा ताडून बघता येतो.

"असं तेच ते रोज कोण म्हणतं?" मी विचारलं.

"कीर्तनकार. नमन बदलतं का कधी, बाई?"

खरंच बदलत नाही. आणि आमच्या उत्सव समितीकडे तीस वर्षांची ध्वनिमुद्रणं होती.

हे यंत्र मुख्यतः बायकांसाठी होतं. पुरुषाची मोठी धमनी तुंबते, छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं, चाचणीत दिसतं, लोक धावतात. तिशी-चाळिशीतल्या बाईचं पुष्कळदा तसं नसतं. बारीक रक्तवाहिन्या आकसतात, नाहीतर धमनीच्या आतल्या अस्तराला अचानक चीर जाते. बाई म्हणते जबडा दुखतोय, पाठ भरून आली, मळमळतंय, गळून गेल्यासारखं झालंय. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली तर ती कधी कधी साफ येते. मग तिला पित्ताची गोळी मिळते. गरोदरपणात जिचा रक्तदाब चढला होता तिला पुढे धोका जास्त असतो, पण बाळ हातात आलं की ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

"आधी मुद्रणातून तुमची पेटी पुसावी लागते," यामिनी हसून म्हणाली. "फार गोड आहे, पण फार लपवते."

मुद्रणांना नावं नव्हती, फक्त क्रमांक होते. म्हाताऱ्या बुवांच्या रेषा पडद्यावर सरळ गेल्या. क्रमांक सतराची सरळ निघाली, मग चढायला लागली, चढत चढत तांबडी झाली. यामिनी खुर्चीत पुढे सरकली.

"बाई, या कोण? गावातच असतात का? आज, आत्ता बोलावता येईल का त्यांना?"

मी म्हटलं, आवाज लाव. तिनं पेटी आणि तबला काढून टाकलेला आवाज लावला. मैथिलीचं नमन. नागडा आवाज. दर दुसऱ्या ओळीनंतर एक लहानसा घोट घ्यावा तसा श्वास, जिना चढून आलेल्या बाईसारखा. चौदा महिने तो तिथं होता. मी एकदाही ऐकला नव्हता, कारण दर वेळी त्या जागी मी सूर भरत होते.

यामिनीला सांगितलं, की ती सहा वर्षांपूर्वी गेली. कशी गेली तेही सांगितलं. सांगताना आपल्या शास्त्रातले आठ सात्त्विक भाव बोटांवर मोजले, दर वर्षी घाटावर मोजते तसे. थिजणं, घाम, अंगावर काटा, स्वर फुटणं, कंप, चेहरा पांढरा पडणं, अश्रू, शुद्ध हरपणं. मैथिलीला आठही झाले होते.

यामिनीनं आपली आकृती पुढे ओढली. मग म्हणाली, "बाई, यातले बहुतेक दवाखान्यात तातडीच्या विभागात भिंतीवर लिहिलेले असतात."

त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच. त्यातून यंत्राला मेलेलं माणूस समजत नव्हतं. यामिनीनं पडदा माझ्याकडे ठेवला होता. रोज सकाळी आठ वाजता तो शांत, सभ्य आवाजात म्हणायचा, "क्रमांक सतरा यांचा आवाज आज मिळालेला नाही. कृपया त्यांच्याशी संपर्क साधा." यामिनी ती नोंद बंद करून टाकते म्हणाली. मी नको म्हटलं. निदान कुणीतरी तिची चौकशी करत होतं.

पुढच्या आठवड्यात क्रमांक तेवीसची रेषा चढलेली निघाली. ही चालू वर्षाची होती. हा आवाज कुणाचा ते मला क्रमांकाशिवायही कळलं.

ईश्वरी ननावरे. मैथिलीची शिष्या. एकेकाळी तिच्यामागे झांज धरून उभी राहायची, आता स्वतः गादीवर उभी राहते. एकतीस वर्षांची, पदरी तीन वर्षांची मुलगी. तिच्या वेळी रक्तदाब चढून आठव्या महिन्यातच सोडवावं लागलं होतं. या वर्षी तिच्या आवाजाला ती थरथर आली होती आणि लोक कौतुक करत होते. मैथिलीताईच बोलतायत म्हणायचे.

यामिनीनं तिला आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी काढली, ती साफ आली. घरात काही ताण आहे का असं विचारून त्यांनी पित्ताची गोळी दिली. मग यामिनीनं साताऱ्याच्या हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली. ईश्वरी म्हणाली, पुण्यतिथीचं कीर्तन झालं की जाऊ. चार दिवसांनी काय होतंय?

मी तिच्या घरी गेले. ती मटार सोलत होती. मी म्हटलं, कीर्तन मी दुसऱ्या कुणाकडे देते, तू आजच साताऱ्याला जा. तिनं आधी चेष्टेवारी नेलं. "तुमची पेटी जुनी झालीय, मावशी. सूर तिचा हलतोय, माझा नाही." मी हसले नाही, तेव्हा तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"सहा वर्षं मी देवाकडे एवढंच मागितलं, की ताईंचा एक कण तरी माझ्या गळ्यात येऊ दे. ताईंच्या कंठात देव आला हे मला कुणी सांगितलं? तुम्ही. आता माझ्या कंठाशी आला, तर तुम्ही त्याला यंत्र लावता?"

बोलायची वेळ तीच होती. तुझ्या ताईला मी मरू दिलं, हे एवढंच वाक्य होतं. माझ्या तोंडून निघालं, "तब्येतीला जप." आणि मी घरी आले.

पुण्यतिथीला मांडव भरून वाहत होता. मी समितीला सांगितलं, या वर्षी माझा घसा बसलाय, हकीकत दुसरं कुणी सांगा. तीही पळवाटच. यामिनीनं घाटाच्या वर रुग्णवाहिका आणून उभी केली होती. उत्सवात कुणाला ऊन लागतं, असं कारण दिलं होतं. मी पेटीवर बसले, भाता उघडला.

ईश्वरीनं नमन सुरू केलं. दुसऱ्या ओळीला श्वास तुटला आणि माझी बोटं आपोआप तिथं पोचली. तिसऱ्या ओळीलाही. चाळीस वर्षांची सवय, बोटं विचारत नाहीत. तिच्या ओठावर घाम दिसत होता. डाव्या हाताच्या पालथ्या मुठीनं तिनं जबडा दाबला, पटकन, कुणाला दिसू नये असं. मला दिसलं. मागून कुणीतरी भरल्या गळ्यानं म्हणालं, "लागला. ताईंसारखाच लागला." माणसांनी हात जोडले.

मी भाता मिटला.

चालू कीर्तनात पेटी थांबत नाही. तार तुटो, वीज जावो, सूर चालू राहतो. त्यामुळे आधी सगळ्यांना वाटलं पेटी बिघडली. तबलजी थांबला. ईश्वरीनं माझ्याकडे न बघता हात केला. "मावशी, सूर द्या."

"नाही देणार."

मी उठून उभी राहिले. मग जे सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते सांगितलं. "मैथिलीला समाधी लागली नव्हती. तिला हृदयविकाराचा झटका आला होता. सकाळपासून येत होता, तिनं मला सांगितलं होतं, आणि मी हसले होते. श्यामराव पाणी घेऊन आले, त्यांना मी अडवलं. अकरा मिनिटं ती आपल्यासमोर मरत होती आणि मी साथ करत होते."

मांडवात जे उठलं त्याला गोंगाटही म्हणता येणार नाही. कुणी मला खाली बसायला सांगितलं, कुणी म्हातारीचं डोकं फिरलं म्हणालं. समितीचे अध्यक्ष पुढे आले. ईश्वरीचा चेहरा रागानं लाल व्हायला हवा होता, तो पांढरा होता. तिनं सगळ्यांना हातानं थांबवलं आणि पेटीशिवायच नमन पुन्हा धरलं. मला दाखवून देण्यासाठी.

एक ओळ. श्वास. अर्धी ओळ. श्वास. ध्वनिक्षेपकातून तो घोट घोट श्वास नदीपलीकडे ऐकू जात होता. झाकायला काही नव्हतं. पहिल्यांदा तिचा नुसता आवाज तिच्याच कानांवर पडत होता. चौथ्या ओळीला ती थांबली. तिच्या डोळ्यांत मी भीती पाहिली, आणि खरं सांगते, त्या भीतीइतकं सुंदर मी त्या मांडवात काही पाहिलं नव्हतं.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "माझा हात धरा."

मी धरला. गार होता, ओला होता. तिला आडवं केलं. यामिनी पायऱ्यांवरून धावत आली. श्यामराव, आता सत्तरीचे, गर्दी बाजूला करत पुढे झाले आणि स्ट्रेचरचं एक टोक त्यांनी धरलं.

साताऱ्यात निदान झालं. हृदयाच्या एका धमनीच्या अस्तराला चीर गेली होती. तासा-दोन तासांनी आणली असती तर तिला वाचवता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. ईश्वरी वाचली. औषधं आहेत, जपणं आहे, पुढच्या वर्षीपासून ती पुन्हा गादीवर उभी राहते. आवाज स्वच्छ झाला आहे. लोक म्हणतात, चांगलं करते, पण आता पूर्वीसारखा भाव लागत नाही हिला.

साथीला मात्र तिनं दुसरा पेटीवाला घेतला. समितीनंही मला पुन्हा बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी मी गेले नसते.

एकदाच ती माझ्याकडे आली. बसली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, "एक विचारायचंय. तेव्हा तुम्हाला माहीत असतं, ताईंना काय होतंय ते, तर त्याच क्षणी सूर थांबवला असतात?"

हो म्हणणं सोपं होतं. पण तिच्यासमोर मला आणखी काही झाकायचं नव्हतं.

"नाही सांगता येत गं. त्या दिवशी कीर्तन इतकं सुंदर चाललं होतं."

ईश्वरीनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पाणीही न घेता गेली.

देव माणसाच्या कंठात येतो, यावर माझा आजही विश्वास आहे. भाव खोटा नाही. पण तो आपल्यासमोरच्या देहापेक्षा वेगळा ओळखायचा, तर आधी त्या देहाला हात लावावा लागतो. मी लावला नाही. संध्याकाळी नामस्मरणाला बसते तेव्हा देवाचं नाव घेण्याआधी मला तो घोट घेतल्यासारखा श्वास ऐकू येतो. मी डोळे उघडत नाही. येऊ देते.

पादुका अजून तिथंच आहेत. लोक फुलं वाहतात, आणि मी कुणाला अडवत नाही.

पण तुम्ही इतका वेळ बसलात, म्हणून एक मागणं मागते. मैथिलीची आठवण ठेवा. संत म्हणून नको, तिची तशी आठवण काढणारे पुष्कळ आहेत. गळ्याला वाईट म्हणून बजावलं तरी ती गाभुळलेली चिंच कनवटीला बांधून आणायची. नवऱ्याला हाक मारण्याऐवजी शिट्टी वाजवायची, घाटाच्या या टोकापासून त्या टोकाला. चाळिसाव्या वाढदिवसाला कोकणात जाऊन समुद्रात पोहायचं तिनं ठरवलं होतं आणि त्यासाठी कृष्णेत हात-पाय मारायला शिकत होती. नाकातोंडात पाणी गेलं की आधी हसायची, मग खोकायची. तशी ठेवा. मैथिली आठल्ये. घरी जाताना एकदा तिचं नाव घ्या.